पेटी चरखा, टकळी आणि जाळीची वीण: पावसाळ्यापासून होळीपर्यंतच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. नोकरी, डोंबिवली-फोर्ट लोकल, स्वयंपाक आणि चौथीतलं पोर सांभाळून स्वतः कातलेल्या सुताची जाळीदार ओढणी विणून होते. पेटी चरखा छान आहे, पण तो रविवारचा. रोजची सोबत टकळीची, म्हणजे बोटांनी गिरकी देऊन सूत कातायच्या छोट्या काडीची. आणि सुयांवरच्या विणीत शेटलंडची (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) लाटांची वीण घ्या, एस्टोनियातल्या हापसालूच्या शाली फक्त बघायला ठेवा.

या सगळ्या वस्तूंना मी एकच प्रश्न विचारत गेले: मध्येच उठावं लागलं तर काय होतं? कुकरची शिट्टी, दारात कुरिअरवाला, ऑफिसचा फोन. तासाला किती सूत निघतं याची चर्चा जो तो करतो. उठून परत बसल्यावर हात लागायला किती वेळ जातो, हे कोणी सांगत नाही, आणि आमच्यासारख्यांचं सगळं गणित तिथेच फसतं.

आधी चरखा. माझा ब्रीफकेसएवढ्या पेटीतला आहे. पुस्तकाच्या आकाराचाही मिळतो, पण त्याची चाकं लहान. हा घडीचा चरखा मूळ आपल्या पुण्याचाच म्हणायचा. १९३०च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी यावर बरीच खटपट केली, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. पेटीत दोन चाकं आडवी बसवलेली असतात. मोठ्या चाकाची मूठ उजव्या हाताने फिरवायची. त्याची दोरी लहान चाकाला फिरवते, आणि लहान चाकावरून गेलेली माळ, म्हणजे दुसरी दोरी, चातीला, म्हणजे सूत गुंडाळलं जातं त्या टोकदार काडीला. मोठं चाक सावकाश एक फेरा घेतं तोवर चाती गरागरा कितीतरी फेरे मारून मोकळी होते. कापसाला हेच लागतं. त्याचा तंतू जेमतेम इंचभर, त्यामुळे भरपूर पीळ बसल्याशिवाय तो एकमेकांना धरत नाही.

हाताचं काम असं चालतं. डाव्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, त्याचं टोक चातीवरच्या सुताला टेकवलेलं. चाक फिरवायचं आणि डावा हात मागे न्यायचा. चातीच्या टोकावरून सूत दर फेऱ्याला निसटतं, त्याची बारीक टिकटिक ऐकू येते, आणि त्या प्रत्येक निसटण्यात एकेक पीळ सुतात उतरतो. हात मागे जाताना पेळूतून सूत बाहेर येत राहतं. जिथे जाड राहिलं तिथे पीळ कमी बसतो, म्हणून ओढलं की तेवढीच जागा ताणून बारीक होते. बारीक जागेत पीळ आधीच जाऊन बसलेला असतो, ती हलत नाही. म्हणजे सूत स्वतःच स्वतःला सारखं करत जातं. हे एकदा हाताला कळलं की पुढे फार विचार करावा लागत नाही. हात पुरता लांब झाला की आणखी थोडे फेरे देऊन पीळ पक्का करायचा, चाक किंचित उलटं फिरवून टोकावरची वेटोळी सोडवायची आणि सूत चातीवर गुंडाळायचं.

सुरुवातीला सूत सारखं तुटायचं. सासूबाईंनी पलंगावर बसल्याबसल्या दोन दिवस बघितलं आणि मग राहवेना. "अगं, पेळूला नरडं धरल्यासारखी काय धरतेस? जरा मोकळा सोड, त्याचा तो येतो." त्या आर्वीकडच्या. त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याची गांधीजींची कल्पना मांडली गेली आणि तिच्याबरोबर टकळी वर्गात आली, ती त्या भागात पुढे बरीच वर्षं टिकली. "आम्हाला कंटाळा यायचा," हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आता चरख्याच्या तक्रारी. एक, मांडामांड. पेटी उघडा, चाती बसवा, माळेचा ताण बघा, सतरंजी घाला, यात दहा मिनिटं जातात. हातात अर्धा तास असेल तर त्यातली दहा मिनिटं देणं जिवावर येतं. दोन, मध्येच उठलं की ताणलेलं सूत सैल पडतं आणि त्याला अशा वळ्या पडतात की परत येऊन तेवढा तुकडा तोडून टाकलेलाच बरा. तीन, हवा बदलली की माळेचा ताण बदलतो, आणि सैल माळ चातीवरून घसरते. दोरीला थोडं मेण चोळल्यावर बरं झालं. जुलैत पेटीचं लाकूड फुगून झाकणाची कडी बसेना, ती ऑक्टोबरात आपोआप बसू लागली. पण खरी डोकेदुखी चातीची. माझी चाती नवीकोरीच किंचित वाकडी आली होती. काचेच्या टेबलावर लोळवली की टोक थरथरायचं. विकणाऱ्याचं उत्तर, "वापरून वापरून बसेल." लोखंड वापरून सरळ होतं हे मला नवीन होतं. शेवटी स्टेशनजवळच्या लेथवाल्याने ठोकून सरळ करून दिली आणि चरख्याचा आवाजच बदलला. ज्यांचं सूत सारखं तुटतं त्यांनी स्वतःला दोष देण्याआधी चाती तपासावी.

चांगली बाजू म्हणजे पावसाळ्यात चरखा अक्षरशः धावतो. दमट हवेत कापूस लवचिक राहतो. मार्चच्या कोरड्या दुपारी तेच पेळू, तोच हात, आणि सूत तटातट तुटतं. मी आता पाण्याची बादली शेजारी ठेवून बसते. फरक पडतो की मनाची समजूत, देव जाणे.

टकळीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे आणि हाच तिचा गुण. पोलादी काडी, खाली पितळी चकती, वरच्या टोकाला आकडा. चष्म्याच्या डबीत मावते. वाटीत टेकवून बोटांनी गिरकी द्यायची. मध्येच उठायचं तर सूत काडीवर गुंडाळून आकड्यात अडकवलं की झालं. दोन दिवसांनी उचला, तिथूनच पुढे. दूध उतू जायची वाट बघताना, पोराचे पाढे घेताना, ऑफिसच्या त्या सभांमध्ये जिथे आपला कॅमेरा बंद असतो, टकळी फिरत असते. वेग चरख्याच्या निम्माही नाही. तरी महिनाअखेरीला टकळीवरचं सूत जास्त भरतं, कारण चरखा महिन्यातून मोजून चारदा उघडतो. लोकलमध्ये मात्र ती चालवायला जाऊ नका. गर्दीच्या डब्यात टोकदार काडी फिरवणारी बाई कोणालाच आवडणार नाही.

जाळीसाठी सूत किती बारीक हवं? माझ्या ओढणीला १०० ग्रॅममध्ये ८००-८५० मीटर भरेल असं दुपेडी, म्हणजे दोन एकेरी धागे एकत्र पिळलेलं सूत लागलं. दोन पेड म्हणजे एकेरी सूत त्याच्या दुप्पट लांब, ग्रॅमला साधारण १७ मीटर. हे खादीवाल्यांच्या भाषेत १० नंबरचं सूत झालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० मीटरची लड, म्हणजे सुताचं मोकळं वेटोळं, टाकायची. ६ ग्रॅमच्या आसपास भरली की आपण बरोबर आहोत. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, आणि १० नंबर हा खादीत जाडाभरडाच, म्हणून घाबरायचं कारण नाही. एकेरी सुतावर मात्र विणू नये. त्यातला पीळ मोकळा व्हायला बघतो आणि सगळी वीण एका बाजूला तिरकी ओढली जाते. दोन पेड उलट्या दिशेने पिळले की हे भांडण मिटतं आणि जाड-बारीकही बरंच झाकलं जातं.

मग उकळणं. लडीला चार ठिकाणी सैल गाठी मारून, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर. पांढरंशुभ्र दिसणारं सूत, आणि थोड्या वेळात पाणी चहासारखं तपकिरी! कापसावरचं नैसर्गिक मेण आणि इतर मळ त्यात उतरतो. पहिल्यांदा बघून मी सासूबाईंना हाक मारली, त्यांना काही विशेष वाटलं नाही. उकळल्यावर पीळ बसतो, सूत वळवळत नाही, आणि पुढे पाणीही नीट शोषतं. हा टप्पा गाळू नका. पातेलं मात्र वेगळं ठेवा.

लोकरही कातून बघितली. घोंगडीची दख्खनी लोकर एका धनगर कुटुंबाकडून मिळाली. चिवट, खरबरीत, काळ्या-करड्या सुरेख छटांची. चिंचोक्याची खळ लावून घट्ट विणलेल्या घोंगडीला तीच हवी, गळ्याशी घ्यायच्या जाळीला नाही. मेरिनो मेंढीची मऊ लोकर कातायला कापसापेक्षा कितीतरी सोपी, तंतू लांब असल्यामुळे. तिला ही छोटी टकळी चालत नाही. हवेत लोंबती सोडायची, जरा वजनदार टकळी लागते. पण डोंबिवलीच्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसणं फेब्रुवारीनंतर शक्य नाही. त्यात कसर लागण्याची धास्ती. कडुनिंबाचा पाला घालून डबा बंद केला आणि परत कापसाकडे आले.

आता वीण, आणि इथेच घाईतल्या माणसाने सर्वात जास्त विचार करावा. जाळीच्या विणीचं सगळं रहस्य दोन कृतींत आहे. सुईवर धागा पुढे घेऊन एक जास्तीचा टाका करायचा, म्हणजे भोक पडतं. आणि दुसरीकडे दोन टाक्यांचा एक करायचा, म्हणजे संख्या तितकीच राहते. फरक असतो तो या दोन्हींच्या मांडणीत. शेटलंडच्या लाटांच्या विणीत १८ टाक्यांचा एक संच असतो: आधी तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा धागा पुढे आणि एक सुलट, मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. सहा वाढले, सहा घटले. ही करामत चार ओळींत एकदाच. उरलेल्या तीन ओळी नुसत्या सुलट-उलट. म्हणजे ठाण्याला कोणी उठून जागा झाली, मुंब्र्याला भांडण सुरू झालं, तरी तीन ओळी हात आपसूक चालतात. चौथी ओळ मी घाटकोपरनंतर डबा शांत झाला की घेते, किंवा घरी. चूक झाली तर १८चा हिशोब तिथल्या तिथे बोलतो.

ही वीण सोपी आहे यात आश्चर्य नाही. शेटलंडच्या बायका पाठीवर पीटच्या (जाळायला वापरायच्या दलदलीतल्या मातीच्या) टोपल्या घेऊन चालताना विणत, कमरपट्ट्यात सुईचं एक टोक खोचून. अंगठीतून जाणाऱ्या त्यांच्या शालींचं कौतुक सगळे करतात. पण या बायकांना बरेचदा पैशांऐवजी दुकानदाराकडचा चहा आणि कापडच मिळायचं, आणि १८७२ साली ब्रिटिश सरकारच्या आयोगाने यावर चौकशी केली, हे कमी जणांना ठाऊक असतं. हा फुरसतीतल्या बायकांचा छंद मुळात नव्हताच. मला हे वाचून उलट धीर आला.

हापसालूच्या शालींत एकाच टाक्यातून बरेच टाके काढून पुढच्या ओळीत त्यांचा एक करून फुगीर मणी करतात. दिसायला अप्रतिम. पण मध्येच कोणी "दादर गेलं का हो?" विचारलं की मणी गेला. शिवाय कापूस लोकरीसारखा ताणला जात नाही, एकत्र केलेले टाके सुईवरून ओढताना बोटं दुखतात. सोडून दिलं.

बाकी वापरातल्या गोष्टी. सुया सरळ नकोत, शेजारणीच्या बरगडीत जातात. गोल सुई घ्या, ४ मिलिमीटरची, आपल्याकडची जुनी ८ नंबर. दर लाटेनंतर सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून ठेवा. सुई निसटली तरी उसवणं त्या दोऱ्याशी थांबतं. लोकरीची टोकं ओली करून तळव्यावर चोळली की जोडली जातात. कापसाला ती सोय नाही, दोन्ही टोकं थोडी थोडी एकत्र विणून घ्यावी लागतात.

विणून झालेली जाळी सुईवरून उतरते तेव्हा फडक्याचा बोळा वाटतो. भिजवून, ताणून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळवली की लाटा उघडतात. माझ्या घरी तेवढी सपाट जागा म्हणजे आमचा डबलबेड. नवरोबा त्या रात्री हॉलमध्ये झोपले. कापसाची तक्रार इथेही आहे. लोकर ताणलेली राहते, कापूस स्वतःच्या वजनाने लांबीला लोंबतो, आणि दर धुण्यानंतर हा खटाटोप परत. म्हणून मी ओढणी लांबीला मुद्दाम वीतभर कमी ठेवली.

खर्च? चरखा घरपोच तीन हजारांच्या आत, टकळी दोनशेच्या आत, पेळू किरकोळ. वेळेचा हिशोब असा: ओढणीला ४०० मीटर दुपेडी सूत, म्हणजे ८०० मीटर एकेरी, वजन जेमतेम ५० ग्रॅम. माझ्या हाताने चरख्यावर तासाला १०० मीटर धरले तर आठ तास कातणं, मग पेड देणं, उकळणं, आणि विणकाम वेगळं. बाजारात ओढणी पाचशेला मिळते. हे गणित ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, माझ्या आईलाही ते पटलेलं नाही.

घ्यायचंच असेल तर पहिले दोन महिने फक्त टकळी घ्या. कापूस हाताला सरावला आणि रविवारची दुपार खरोखर मोकळी मिळते असं दिसलं, तरच चरख्याकडे वळा. घेताना दुकानातच चाती काढून काचेवर लोळवून बघा, जास्तीची एक चाती आणि माळेचा दोरा त्याच वेळी मागून घ्या, आणि पेटी पावसाळ्यात घेत असाल तर झाकण लागतंय का तेही तिथेच बघा.