रेडिएटरवरच्या खिडकीला रेडिमेड पडदे: ५४ इंची घ्या, ७२ नको

ब्रिटनमध्ये अस्तर लावलेले तयार पडदे मुख्यतः तीन लांबींत मिळतात: ५४, ७२ आणि ९० इंच, म्हणजे १३७, १८३ आणि २२९ सेंमी. खिडकीखाली रेडिएटर (गरम पाण्यावर चालणारा, भिंतीला लावलेला हीटर) असेल तर यातली ५४ इंचीच कामाची. दिसायला ती आखूड वाटते, पुण्या-मुंबईत जमिनीपर्यंतच्या पडद्यांची सवय झालेल्यांना तर फारच. पण इथे पडदा उन्हासाठी नाही, थंडीसाठी आहे.

नेहमीची खिडकी धरू. कट्टा जमिनीपासून ९० सेंमीवर, काच १२० सेंमी उंच, खाली ६० सेंमीचा रेडिएटर जमिनीपासून १५ सेंमी वर. रॉड काचेच्या साधारण १७ सेंमी वर असेल, तर ५४ इंची पडदा कट्ट्यापाशी संपतो. ७२ इंची मात्र कट्ट्याखाली आणखी ४६ सेंमी उतरतो आणि अर्धा रेडिएटर झाकतो. मग वर चढणारी गरम हवा पडद्यामागे शिरून थेट थंड काचेला भिडते. गॅसचं बिल चालू, खोली गारच. खोलीची ऊब जोखून रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचं डोकंही पडद्याआड गेलं, तर त्याला तिथली कोंडलेली ऊबच कळते आणि खोली तापायच्या आधीच तो पाणी बंद करतो. ७२ इंचीला आमच्याकडून पाचपैकी एक गुण, तोही रेडिएटर नसलेल्या भिंतीसाठी.

मापात सगळे चुकतात ते एकाच जागी: रॉड आधी ठोकतात. पडदा आधी आणा, धुवा (सुती कापड तीन टक्के जरी आटलं तरी १३७ मधले चार सेंमी गेले), मग रॉडची उंची ठरवा. कट्टा पुढे आलेला असेल तर पडद्याची कड त्याच्या १ सेंमी वर राहू द्या. टेकवू नका, हिवाळ्यात काचेवरून ओघळलेलं पाणी कट्ट्यावर साचतं, अस्तर ते शोषून घेतं आणि फेब्रुवारीपर्यंत काळे ठिपके दिसू लागतात.

वरची पट्टी पेन्सिल प्लीटचीच (बारीक, सलग चुण्यांची) घ्या. तिच्यात हुक अडकवायला तीन ओळी असतात, त्यामुळे दोन-चार सेंमीची चूक रॉड न हलवता निस्तरते. आयलेटवाल्यात (रॉड थेट कड्यांतून ओवतात त्या पडद्यात) ही सोय नाही. वर कडी, खाली शिवण, विषय संपला. रुंदीत कंजुषी नको: रॉडच्या दुप्पट कापड लागतं. ६६ इंची दोन पाखं साधारण १६५ सेंमीच्या रॉडला पुरतात. चुण्या विरळ पडल्या की मधल्या फटीतून गारवा येतोच. अस्तर थर्मल, म्हणजे ऊब राखणारं, चालेल. उजेड अडवणारं ब्लॅकआउटचं ताठ असतं, आखूड पडद्याला ते घागऱ्यासारखं फुगवतं.

खाली पाण्याचा रेडिएटर नसून विजेचा हीटर असेल, तर लांबीचा हिशेबच सोडा. त्याच्यावर किंवा पुढे कापड लोंबता कामा नये, आग लागू शकते. तिथे खिडकीच्या खोबणीत बसणारा रोलर ब्लाइंड (वर गुंडाळला जाणारा सपाट पडदा) लावा.

भाड्याच्या घरात मालकाने ९० इंची लावून ठेवले असतील आणि कापायची परवानगी नसेल, तर दिवसा ते बाजूला सारा. रात्री ओढल्यावर खालचा घोळ उचलून कट्ट्यावर ठेवा, आधी कट्टा कोरडा पुसून. कट्टा अगदीच अरुंद असेल तर घोळ घसरतो. तिथेही रोलर ब्लाइंडच, आणि पडदे दोन्ही बाजूंना नुसते शोभेला.