अमेरिकेचा राउटर अमळनेरात, साडेतीन स्टार

भाचा न्यू जर्सीला असतो, एप्रिलमध्ये आला तेव्हा हा राउटर घेऊन आला. दोन वर्षं वापरलेला, ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हीवर चालणारा), चार अँटेना, दिसायला उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा. म्हणाला मामा, तुमच्या फायबरवाल्याच्या डब्याची रेंज मागच्या खोलीत जात नाही ना, हा लावा. फुकटचं कोण सोडतं भो! आता महिना होऊन गेला म्हणून लिहितोय, कारण अशा वस्तू घरोघरी येतात आणि माळ्यावर जाऊन बसतात.

पहिलं लफडं पिनचं. दोन चपट्या पट्ट्या, आपल्या बोर्डात बसतच नाहीत. बाजारातून कन्व्हर्टर आणला, पण तो फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, हे डोक्यात असू द्या. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. याच भाच्याने मागे आणलेली कॉफीची मशीन आमच्या हिने सरळ लावली होती, फट्ट आवाज आला आणि दोन दिवस स्वयंपाकघरात जळका वास. म्हणून या वेळी चष्मा लावून अ‍ॅडॉप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली, इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं १२० असेल तर लावू नका, त्यावरचं आउटपुट बघून तसाच इथला अ‍ॅडॉप्टर घ्या.

लाइट लागले पण इंटरनेटचा दिवा नारिंगीच. भाच्याला फोन लावला तर म्हणे वायर खोचली की आपोआप चालू होतं. त्याच्या केबलच्या कनेक्शनवर होत असेल, माझ्या फायबरला पीपीपीओई लागतं, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो आणि तो होता जुन्या डब्यात. फायबरवाला पोरगा आला, राउटर उलटासुलटा करून म्हणतो, "अण्णा, हाई काय शे?" पण पोरगा हुशार, त्याने जुना डबा ब्रिज मोडला टाकला, म्हणजे तो आता नेट फक्त पुढे पास करतो, याच्यात पीपीपीओई भरलं, तरी लागेना, मग त्याच्या लक्षात आलं की ऑफिसात आमच्या जुन्या डब्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा ओळख नंबर, बांधलेला आहे, तो फोनवर बदलून घेतला आणि दिवा हिरवा. पाऊण तास, दोन चहा. मागच्या खोलीत जिथे व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा तिथे आता साठ-सत्तरचा स्पीड येतो, मन खूश.

आणि मग आठ दिवस डोक्याला ताप. सकाळी साडेसातला वायफाय गायब, मोबाइलमध्ये नावच दिसेना, आणि दुपारी अडीचला आपोआप हजर. रोज. मी धरून बसलो की हे उन्हाने होतंय, कारण राउटरच्या कागदावर ४० अंशांपर्यंतच चालेल असं छापलंय आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ दाखवतो, पत्र्याखाली किती ते विचारूच नका. पंखा लावला, खाली ओली फडकी ठेवलेली भांडी ठेवली, फायबरवाल्या पोराला तीनदा बोलावलं, शेवटी त्याला नको नको ते बोललो. बायको म्हणाली, अहो उन्हाने बंद पडतं तर ऐन उन्हात अडीचला चालू कसं होतं? आणि टीव्ही तर चालूच असतो की! टीव्हीला वायर आहे. म्हणजे नेट येत होतं, फक्त वायफाय मरत होतं.

तेव्हा ट्यूब पेटली. आमचा स्वतःचा पोरगा रात्रभर मोबाइल बघतो म्हणून मीच वायफाय रात्री १० ते पहाटे ५ बंद राहील असं शेड्यूल लावलं होतं. भाच्याने सेटिंग तिकडूनच करून आणलेलं, राउटरचं घड्याळ न्यू यॉर्कचं. मे महिन्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे, म्हणजे तिकडे रात्रीचे १० तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात. राउटर बिचारा वेळेवर झोपत होता आणि पोरगा आमचा रात्रभर मजेत. टाइम झोन आपल्या भारताच्या पाच-तीसवर आणला, एका मिनिटाचं काम.

बाकी बारीकसारीक, रीजन, म्हणजे देशाचं सेटिंग, फक्त अमेरिका दाखवतो, बदलता येत नाही, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर ११ पर्यंतच चॅनल, आपल्याकडच्या डब्यांना १३ पर्यंत असतात. त्याने काही अडत नाही. उलट भाच्याच्या अमेरिकेतल्या लॅपटॉपला आमचा जुना डबा दिसतच नव्हता त्याचं कारण तेच निघालं, डबा १३ वर होता. इंडियाचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) याच्यात घालायच्या फंदात पडू नका, नाव सारखं असलं तरी आतलं मॉडेल वेगळं असू शकतं, राउटर कायमचा बसेल. वॉरंटी इथे कोणी देत नाही. लाइट गेली की १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर दोन तास काढतो.

दीड स्टार कापला तो पिन, वॉरंटी आणि रीजनचा. घड्याळाचा नाही कापला, ती चूक माझी. फायबरवाला पोरगा परवा रिचार्जचे पैसे घ्यायला आला, विचारत होता, अण्णा आता सकाळी बंद पडत नाही ना? म्हटलं नाही, पावसाने गारवा झालाय.