पुणे–नागपूर विमान: आठ महिन्यांचा हिशेब

तिकिटावर लिहितात १ तास २५ मिनिटं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, महिन्यातून दोन खेपा होतात. तिसऱ्या खेपेला वैतागून मोबाइलमध्ये वेळा टिपायला लागलो. त्यातली एक नोंद, जशी आहे तशी:

‘३:४० वारजे सोडलं. ५:०५ लोहगाव. ५:४० सिक्युरिटी झाली. विमान ६:३५ चं. ६:५८ ला उडालं. ८:०० नागपूरला टेकलं. ८:२५ बॅग मिळाली. ८:५० त्रिमूर्तीनगर, घर.’

हवेत ६२ मिनिटं. घरून घरी ५ तास १० मिनिटं. आणि हा बरा दिवस होता बरं का! एकदा रात्रीचं विमान तीन तास लेट झालं, तेव्हा कंपनीने एक सामोसा देऊन बोळवण केली.

तिकिटावरच्या वेळेत विमान जागचं हलल्यापासून पलीकडे उभं राहीपर्यंतचं सगळं धरलेलं असतं. लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची. सुखोई निघाले की आपण पट्टा बांधून खिडकीतून बघत राहायचं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. माझ्या नोंदींत जानेवारीत जाताना ५८ मिनिटं, परतताना ६८.

अंतराचाही असाच घोळ. नेटवर दिसणारे सुमारे ६०५ किमी म्हणजे सरळ रेघ. रस्त्याने गेलात तर सातशेच्या वर, आणि वंदे भारत ८८१ किमी धावते, कारण ती दौंडहून मनमाड, भुसावळ असा वर वळसा घेते. तिला १२ तास लागतात. जाताना डावीकडची खिडकी घ्या. हवा स्वच्छ असली तर जायकवाडी धरणाचा नाथसागर दिसतो. लोणारही त्याच बाजूला, पण ते मला अजून एकदाही सापडलेलं नाही.

खरा वेळ खातं ते पुणंच. वारजे ते लोहगाव संध्याकाळी सव्वा तास, कधी दीड. हल्ली वनाजला गाडी लावून मेट्रोने रामवाडी गाठतो, पुढे रिक्षा. फार वेळ वाचत नाही, पण चांदणी चौकात रक्त आटत नाही. परत आल्यावर कॅबसाठी एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपर्यंत बॅग ओढत जावं लागतं, ते डोक्यात जातं. नागपूरला उलट, विमानतळाबाहेर पडलं की वर्धा रोड, वीस-पंचवीस मिनिटांत घर. आई तर विमानाची वेळ विचारतच नाही. फोनवर एकच, “निघाला का रे वारज्यातनं?” त्यावर ती भाताचं ठरवते.

जाताना विमान, यात वाद नाही. पाच तास तर पाच तास, बारापेक्षा बरेच. परतीचं मात्र फेब्रुवारीपासून बदललं. मृग बहाराची संत्री होती. आईने पिशवी भरली, काउंटरवर भरली साडेनऊ किलो, हातातल्या सामानाची मर्यादा ७. मागे रांग खोळंबलेली, मी तिथेच खाली बसून अडीच किलो संत्री जॅकेटच्या खिशांत आणि लॅपटॉपच्या बॅगेत कोंबली. घरी येईपर्यंत चार्जरला वास. तेव्हापासून येताना घाई नसली तर सकाळी नागपूरच्या अजनी स्टेशनहून वंदे भारत. पिशवी वर टाकायची, शेगाव गेलं की डबा उघडायचा.