बस्त्यातली करवती साडी: आठ महिने वापरल्यावर

दिवाळी आटोपल्यावर माझ्या लहान बहिणीनं लग्नातली करवती, म्हणजे करवतीसारख्या दातेरी काठाची टसर रेशमाची साडी, पहिल्यांदाच पाण्यात घातली. दोरीवरून काढली तेव्हा खालचा काठ चुण्याचुण्यांनी गोळा झाला होता. नेसून पाहिली तर निऱ्या पायाशी सरळ पडेनात, घेर आतून कुणी ओढून धरल्यासारखा. तिनं मला फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘ताई, साडेनऊ हजार.’

त्या साडेनऊ हजारांचा आग्रह माझा होता. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

लग्न मे २०२५ मधलं. माहेर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, सहा एकर धान. आमच्याकडे लग्नाचं बजेट म्हणजे खरेदी केंद्रावर घातलेलं धान. ९२ क्विंटल गेलं, २,३०० रुपये हमीभावानं २,११,६०० रुपये आले. त्यात बहिणीनं नोकरीतून साठवलेले ७० हजार आणि आईच्या बचत गटाचं ५० हजार कर्ज. एकूण ३,३१,६००. यापलीकडे एक रुपया उचलायचा नाही असं बाबांनी साक्षगंधाच्या दिवशीच सांगितलं होतं. मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि एकेका खर्चाला एकेक पान दिलं.

ते बजेट सोन्यानं मोडलं. जानेवारीत दहा ग्रॅमला ऐंशी हजारांच्या आसपास असलेला भाव २२ एप्रिलला लाखावर गेला. बाबा अक्षय तृतीयेसाठी थांबले होते. एका तोळ्यामागे आम्हाला पंधरा हजार जास्त लागले. आता ते कुठून काढायचे? गावाला चुलीबंद आवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायचं बोलावणं, दिलेलं, त्यामुळे पंगतीला हात लावता येत नाही. तांदूळ घरचा, वांगी काकांच्या वाडीतली, तरी आलू-वांग्याची भाजी, वरण, पुरी, बुंदी आणि मठ्ठा मिळून आचाऱ्यासकट खर्च ठरलेला. मांडव-बिछायतवाल्याला इसार देऊन झालेला. उरला बस्ता. साठ हजारांचा बस्ता पंचेचाळीसवर आला, आणि त्या पंचेचाळीसमध्ये मी साडेनऊ हजारांची एक साडी घ्या म्हणत होते. आईचा राग समजण्यासारखा होता.

‘एवढ्या पैशात चार साड्या येतेत, बाई. अन् रंग पाहा तिचा, मातीसारखा. नवरीनं असा रंग नेसत असतेत काय?’

हा रंगाचा आक्षेप पुष्कळ घरांत येतो. टसरचा मधासारखा रंग कोषाचाच असतो, तो वरून दिलेला नसतो. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक हे कोष पिकवतात. रंगवलेलं टसरही मिळतं. पण बहिणीला तोच मूळ रंग हवा होता, काठ फक्त गडद लाल. आईचा विरोध मोडला तो मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या बाजूला, एका विणकराच्या घरी. खड्डामागावर ते बसले होते आणि आडवा धागा नेणारे तीन धोटे चालत होते: मधला टसरचा, दोन्ही कडेचे काठाच्या सुताचे. जिथे टसर आणि सूत एकमेकांत अडकतात तिथेच करवतीचे दात उमटतात. त्यांनी साडी उलटी करून दाखवली. काठ दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, मागे एकही लोंबता धागा नाही. नकली मालात मागची बाजू बघितली की कळतं. मग त्यांनी टसरचा एक धागा काडीला लावला. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. आई काही बोलली नाही, पण पदर हातात धरून बसली. तेवढ्यावर मी पैसे दिले.

लग्नाच्या दिवशी साडीनं मान राखली. नवरदेव ब्रह्मपुरीकडचे. तिकडचा पारा दर उन्हाळ्यात बातमीत असतो आणि आमच्याकडेही त्या दिवशी काही कमी नव्हतं. मांडवात कूलर होते, पण मंगलाष्टकांच्या वेळी भोवती इतकी माणसं की वारा नवरीपर्यंत पोचेना. टसर अंगाला चिकटली नाही. संध्याकाळी रिसेप्शनला भाड्यानं आणलेला जाळीचा घागरा घातला, तेव्हा अर्ध्या तासात तिच्या मानेवर पुरळ उठलं. घागऱ्याचं भाडं ५,५०० आणि अनामत ३,०००. परत करताना कमरेजवळ डाग दाखवून ८०० रुपये कापले. तो डाग आणतानाच होता, पण आमच्याकडे फोटो नव्हता. कुणी भाड्यानं घेत असाल तर दुकानातच चारही बाजूंनी फोटो काढा, इतकंच सांगते. तीन तासांच्या त्या कपड्याला आमचे ६,३०० रुपये गेले.

त्यानंतर करवती चार वेळा नेसून झाली: मांडवपरतणीला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला, दसऱ्याला, दिवाळीच्या पाडव्याला. खोट सांगायची तर ही साडी फार लवकर चुरगळते. पंगतीत मांडी घालून बसलं की उठल्यावर मागे जाळं पडतं. नवीन असताना कडक असते, निऱ्या फुगतात, बहिणीला आठ पिना लागायच्या. पाण्याचा थेंब पडला तर वाळल्यावर कडा दिसते. हे सगळं मला चालण्यासारखं वाटलं. पण पहिल्याच धुण्यात काठ आटावा? रिठ्याच्या पाण्यात धुतली, पिळली नाही, सावलीत वाळवली. सांगितलेलं सगळं केलं आणि तरी असं. सुती काठ आणि रेशमी अंग एकत्र विणलं तर दोन्ही वेगवेगळे आटणारच, एवढं विणकराला कळू नये?

इथवरचं मी नोव्हेंबरात लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, की लग्नाच्या बजेटमध्ये करवती बसवू नका. ती ओळ मी आता काढून टाकली आहे, आणि ज्या तीन बायांना तोंडानं तसं सांगितलं होतं त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं आहे.

झालं असं की मी विणकराला फोन केला. चढ्या आवाजातच बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वरच्या बाजूचा काठ कसा आहे?’

मी बहिणीला बघायला लावलं. वरचा काठ, जो कमरेत खोचला जातो, तो सपाट होता. एकही चुणी नाही. खालच्या काठालाही पदराकडच्या भागात चुणी नव्हती. जेवढ्या भागाला फॉल, म्हणजे काठाला आतून शिवतात ती कापडी पट्टी, लावला होता, चुण्या तेवढ्याच भागात होत्या.

‘साडी नाई आटली, ताई. फॉल आटला. उसवून पाहा, मंग बोला.’

डिसेंबरात ती माहेरी आली तेव्हा आम्ही दोघींनी ओट्यावर बसून फॉल उसवला. टेपनं मोजला. बाजारात फॉल अडीच मीटरचा येतो. हा भरला दोन मीटर अडतीस सेंटिमीटर. बारा सेंटिमीटर फॉल आटला होता, आणि त्यानं आपल्यासोबत अडीच मीटर काठ ओढून घेतला होता. ओलं फडकं वर ठेवून मंद इस्त्री फिरवली आणि काठ सरळ झाला. करवतीचे दात पुन्हा एका रेषेत आले. आई शेजारी तूर निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि काठावरून हात फिरवून पाहिला.

पन्नास रुपयांच्या पट्टीनं साडेनऊ हजारांची साडी वाया गेल्यासारखी दिसली होती. तेव्हापासून हा फॉल माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या बाईनं ब्लाउज शिवला तिनं अस्तर आधी भिजवून वाळवलं होतं, न सांगता, कारण तिला माहीत आहे की सुती अस्तर आटतं. मग फॉल-पिकोच्या दुकानात तीच गोष्ट का करत नाहीत? मी तिथे गेले, उसवलेला फॉल गल्ल्यावर ठेवला आणि टेप लावून दाखवला. उत्तर मिळालं की सगळेच असाच लावतात, सीझनमध्ये दिवसाला पन्नास साड्या असतात, भिजवत कोण बसणार. शिलाईचे ७० रुपये परत मागितले, ते दिले नाहीत. सत्तर रुपयांसाठी मी भांडले याचं घरी हसू झालं. पण लग्नसराईत दिवसाला पन्नास साड्या तिथून जातात, आणि त्या पन्नास घरांत दिवाळीनंतर साडीलाच नावं ठेवली जातात. एखादीही बाई फॉल उसवून बघत नाही. विणकराच्या मालाचं नाव असं फुकट खराब होतं, याचा मला खरा त्रास होतो.

खात्री करून घ्यायला मी तीन वेगवेगळे फॉल आणले. तिन्ही मोजले, रात्रभर पाण्यात ठेवले, वाळवले, पुन्हा मोजले. दोन सुती होते, त्यातला एक नऊ आणि दुसरा साडेअकरा सेंटिमीटरनं कमी भरला. तिसरा टेरिकॉटचा, तो जेमतेम एका सेंटिमीटरनं. म्हणजे टेरिकॉट लावावा, असं मला आधी वाटलं. पण करवतीच्या आत तो कडक लागतो आणि निऱ्यांचं टोक पुढे उभं राहतं. सुती फॉलच चांगला, फक्त एक रात्र भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून मगच द्यायचा.

दुसरी गोष्ट उसवताना दिसली. फॉल असतो पाच इंच रुंद, आमच्या साडीचा काठ चार इंच. मशीननं फॉल लावला की त्याची वरची शिवण काठावर न पडता टसरवर पडते. उसवल्यावर तिथे सुईच्या भोकांची सरळ ओळ दिसली. सुती काठावरची भोकं एका पाण्यात बुजली, टसरवरची अजून दिसतात. उजेडात साडी धरली की माझी नजर आधी तिथेच जाते. बाकी कुणाला दिसत नसेलही, मला दिसते. यावेळी फॉल एक इंच आत दुमडला, काठाच्या आतच ठेवला आणि हातानं तुरपाई करून घेतली, टाके थोडे सैल. हातशिलाईचे १५० रुपये पडले. साडी घेतानाच रजिस्टरमध्ये हे दोनशे रुपये धरायला हवे होते. मी ‘फॉल-पिको, किरकोळ’ असं लिहून पुढे गेले होते.

संक्रांतीला तिनं साडी दुसऱ्यांदा धुतली. यावेळी व्हिडिओ कॉल लावून मला दोरीवरच दाखवली. काठ सपाट. शिवाय कापड आता मऊ झालं आहे, निऱ्या फुगत नाहीत, आठच्या जागी तीन पिना पुरतात. रंगही मला आधीपेक्षा खोल वाटतो. बस्त्यातल्या बाकीच्या चार साड्यांपैकी दोन अजून घडीतून निघाल्या नाहीत आणि एकीची जर काळवंडली. मी तिला सांगून ठेवलं आहे की करवती सुती कापडात गुंडाळायची, डांबरगोळ्या तिला लागतील अशा ठेवायच्या नाहीत आणि दोन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर टसर घडीवरच चिरते.

येत्या एप्रिलात चुलतभावाचं लग्न आहे. काकूंच्या बस्त्याची यादी आमच्या ओट्यावर बसूनच झाली आणि नवरीसाठी करवती आईनंच सुचवली. मोहाडीकडे फोन मीच केला. विणकरांनी मागच्या बोलण्याची आठवणही काढली नाही. फक्त म्हणाले, ‘फॉल इकडं नका आणू, पण भिजवून ठेवजा.’ सहा सुती फॉल सकाळी बादलीत घातले आहेत. मोजमाप रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे, उद्या वाळले की पुन्हा मोजीन.