दम गेलेली बोटीची मोटर: दुरुस्त करावी, कोकणातली जुनी आणावी की नवी घ्यावी?

मे संपत आला की कोल्हापुरात तालमींच्या आणि बचाव पथकांच्या बोटी बाहेर निघतात. रबरी बोटीत हवा भरायची, गेल्या पावसाळ्यापासून कोपऱ्यात उभी असलेली मोटर पाण्याच्या पिंपात बुडवायची आणि दोरी ओढायची. पिंपात ती झकास चालते. नदीत नेऊन चार माणसं बसवली की मात्र अर्ध्या थ्रॉटलपुढं नुसती घरघर. काठावरचा कुणीतरी लगेच निकाल देतो, "मोटर गेली, नवीन घ्या आता." त्याला वर्गणी द्यायची नसते.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. त्यामुळं प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळच्या पट्ट्यातल्या माणसाला मोटर हा हौसेचा विषय राहिलेला नाही. प्रश्न पैशाचा आहे: २५ हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक नीट करायची, मालवण-रत्नागिरीकडून वापरलेली आणायची, की लाखांच्या घरात जाऊन नवी फोर-स्ट्रोक घ्यायची?

माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, मोजल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. मोजायचा गेज मोटरसायकलच्या बऱ्याच गॅरेजांत मिळतो. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या लोखंडाला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ आहेत का, हे बघायचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाचं पोट शाबूत आहे, रोग बाहेर कुठंतरी आहे. एक सिलिंडर साफ खाली असेल तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट गेलंय, आणि मग हिशोब वेगळा.

दुरुस्ती

कॉम्प्रेशन चांगलं असेल तर मी डोळे झाकून दुरुस्तीकडं जाईन. कारण दम जाण्याचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोलच्या वाटेत सापडतं, आणि ती वाट स्वस्त आहे.

ते ओळखायची सोपी खूण म्हणजे टाकीकडून मोटरीकडं जाणाऱ्या नळीतला, हातानं दाबायचा रबरी बल्ब. मोटर लोडवर घरघरायला लागली की एकानं सुकाणू धरावं आणि दुसऱ्यानं बल्ब दाबत राहावं. दाबल्यावर मोटर सावरली तर मोटरीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) थकलाय किंवा नळीत कुठूनतरी हवा शिरतेय. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येतच नाही: झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. बल्ब टणक आहे, दाबूनही काही फरक नाही, आणि चोक किंचित ओढला की जीव येतो, तर कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, तुंबलंय.

आमच्या मोटरीचा कार्बोरेटर एका कारागिरानं दोनदा खोलला. दोन्ही वेळा मजुरी घेतली, दोन्ही वेळा नदीत तीच गत. शेवटी नळी कापून बघितली. बाहेरून नवीकोरी, आत मात्र अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबत होतं. धीम्या गतीला पेट्रोल पुरायचं, जास्त ओढ लागली की पडदा मिटायचा. नळी बदलली आणि विषय संपला.

अशी अस्तरं सुटण्यामागं पेट्रोलमधल्या इथेनॉलचा हात असतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बोटीच्या मोटरींच्या बऱ्याच कंपन्यांनी मर्यादा दिलीय १० टक्क्यांची. जुन्या नळ्या, डायफ्रॅम, सील यांना ते मानवत नाही. वर इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पेट्रोल ओढणारी सोंड तळाशीच असते. म्हणून गेल्या गणपतीतलं पेट्रोल यंदाच्या आषाढात वापरायचं नाही. पाणी वेगळं काढणारा फिल्टर टाकी आणि बल्बच्या मध्ये लावा. पैसा खर्चायचाच तर पहिला इथं.

ठिणगीचा दोष वेगळा कळतो. पेट्रोल कमी पडलं की मोटर हळूहळू बसते. ठिणगी चुकली की मिस मारते, एका सिलिंडरवर थरथरत चालते. प्लग काढून शेजारी ठेवा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल, तर ओल्याकडं ठिणगी नाही. दोन्हींच्या कॉइल अदलाबदल करून बघा. दोष कॉइलबरोबर दुसरीकडं गेला तर गुन्हेगार सापडला. नाहीतर संशय सीडीआयवर, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर, आणि तो भाग महाग असल्यानं खात्रीशिवाय घेऊ नये.

तिसरी शक्यता लोक विसरतात. इंजिनाचा आवाज चढतोय पण बोट सरकत नाही, तेव्हा इंजिनाला हात लावायचा नाही. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या मधलं रबर सुटलेलं असतं, किंवा जलपर्णी आणि जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असतो. पंचगंगेत जलपर्णीला तोटा नाही. रबर सुटलंय का बघायला आतल्या बुशावर आणि पंख्यावर सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की पंखा बदला.

आणि गाळ. पुराच्या पाण्यातली माती इम्पेलरची, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या रबरी चक्राची, पाती झिजवते. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की मोटर तापते, आणि तापलेली टू-स्ट्रोक आधी दम सोडते, मग जाम होते. इम्पेलर दर पावसाळ्याआधी बदलावा, जुना चांगला दिसला तरी.

कॉम्प्रेशनच गेलं असेल तरी घाबरायचं कारण नाही. हे गाव ऑईल इंजिनांचं. बोअर करणं, पृष्ठभाग सपाट करणं ही कामं उद्यमनगरात डोळे मिटून होतात. अडतं ते मापाच्या पिस्टन-रिंगांवर. आधी सुटे भाग हातात आणा, मगच इंजिन खोला. नाहीतर जुलैत मोटर कारखान्याच्या फळीवर आणि पाणी गल्लीत.

कोकणातली वापरलेली

ऐकायला स्वस्त, म्हणून सगळ्यात फसवी. समुद्रात चाललेल्या मोटरीत थंड पाण्याच्या वाटा मिठानं आतून भरतात. पिंपात दहा मिनिटं चालवून हे कळत नाही. पूर्ण लोडवर अर्धा तास चालवली की कळतं. विकणारा तेवढी चालवू देत नसेल तर चहा पिऊन परत यावं.

दुसरी गोष्ट उंचीची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. दर ३०० मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे किनाऱ्यावर तेज वाटलेली मोटर इथं पाच-सहा टक्के मऊ लागणार. त्यात तिच्यावर पंखा असतो हलक्या होडीसाठी बसवलेला, आणि आपण बसवणार माणसं, गाठोडी, एखादं शेरडू. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर, एक इंच कमी केला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दीडशे-दोनशेनं वाढतात. पूर्ण थ्रॉटलला मोटर कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर बिघाड शोधण्याआधी कमी पिचचा पंखा लावून बघा. हे आपल्या जुन्या मोटरीलाही लागू आहे.

नवी फोर-स्ट्रोक

पेट्रोल बरंच कमी पिते, धूर नाही, आवाज एवढा कमी की छपरावरून कुणी हाक मारली तर ऐकू येते. बचावाच्या कामात हा शेवटचा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तेल मिसळायची कटकट नाही. टू-स्ट्रोकला ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, आणि तेही टीसी-डब्ल्यू ३ मार्काचं, बोटीच्या मोटरींसाठीचं तेल. घाईत कुणीतरी स्कूटरचं ओततो किंवा दुप्पट ओततो, आणि प्लग काळे पडतात.

पण तिची स्वतःची नाटकं आहेत. तापली किंवा तेलाचा दाब कमी झाला की ती मुद्दाम फेरे खाली आणते. बसणाऱ्याला वाटतं दम गेला. खरं तर ती स्वतःला वाचवत असते. इंजेक्शनची असेल तर दोष वाचायला यंत्र जोडावं लागतं. पूर आल्यावर रस्ते बंद असताना ते यंत्र घेऊन कोण येणार? टू-स्ट्रोक टॉर्चच्या उजेडात पाना आणि प्लग घेऊन उघडता येते. शिवाय फोर-स्ट्रोक कशीही आडवी टाकायची नाही, कंपनीनं खूण केलेल्या कुशीवरच. नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जातं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रात्री दोन वाजता ही शिस्त कोण पाळतं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून आम्ही यंदा जुनीच ठेवली: नवी नळी, इम्पेलर, फिल्टर, आणि एक जादा पंखा. ज्यांचं कॉम्प्रेशन गेलंय, भाग मिळत नाहीत, आणि बोट धक्क्यावर कायम लावलेली असते, त्यांनी फोर-स्ट्रोक जरूर घ्यावी. पण त्याच ताकदीची टू-स्ट्रोक पन्नासेक किलोची, तर फोर-स्ट्रोक साठ-सत्तरपर्यंत जाते. बघायला जाताना चिखलात ती उचलणारी दोन पोरं बरोबर घ्या, आणि दुकानातच त्यांना उचलायला लावा.