साठ हजारात गेमिंग पीसी: प्रोसेसर ५६०० की १२४००, ग्राफिक्स कार्ड ६६०० की ४०६०, आणि आपल्याकडची लाईट

मामेभाऊ खानापूरचा. यंदा इंजिनिअरिंगला लागलाय, आणि मामानं शब्द दिलाय की उसाचं बिल जमा झालं की साठ हजार देतो, मॉनिटर-यूपीएस सगळं त्यातच बसव. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सॲपवर दिवसाला दहा स्क्रीनशॉट येतेत, दादा हे घेऊ की ते घेऊ, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इकडच्या कुणालाही चालेल, कारण पुण्या-बेंगळुरूची पोरं जो सल्ला देतेत त्यात दोन गोष्टी धरलेल्याच नसतेत. एक म्हणजे आपल्याकडं लाईट कशी येती-जाती, आणि दुसरं, पार्ट बिघडला तर तो कुठं पाठवायचा आणि किती दिवसानं परत येतोय.

आधी रॅम, कारण सगळा हिशेब तिथंच फिरलाय. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव चढायला लागले, एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली, चिप बनवणाऱ्यांना तिकडं जास्त पैसे सुटतेत मग घरगुती पीसीकडं कोण बघतोय. डीडीआर५, म्हणजे रॅमची नवी पिढी, तिची किती तरी किटं दुपटीच्या पुढं गेली, मागोमाग जुनी डीडीआर४ पण. त्याच्या आधी सगळे सरसकट सांगायचे की एएम५ घे, म्हणजे एएमडीचं नवं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), त्यावर रायझन ७५००एफ आणि डीडीआर५, पुढं अपग्रेडला बरं पडतंय. ते खोटं नाही, एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि एएमडीनं २०२७ पर्यंत तरी ते चालवणार असं सांगितलंय. पण साठ हजारात ते बसवलं तर ग्राफिक्स कार्डाला पैसेच उरत नाहीत, मग गेमिंग पीसी कशाला म्हणायचं त्याला.

भावाकडं जुन्या पीसीतल्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, डीडीआर४, २६६६ स्पीडच्या. त्या काढल्या, सोनेरी टोकं शाळेतल्या साध्या खोडरबरनं घासली, जुन्याच बोर्डावर लावून बघितल्या, चालल्या. म्हणजे सोळा जीबी फुकट. तुमच्या घरी पण कोपऱ्यात जुना डबा पडलेला असेल तर आधी तो उघडा, पट्टीवर स्टिकर असतंय त्यावर सगळं लिहिलेलं असतंय. नवीनच घ्यायची वेळ आली तर आठ-आठच्या दोन घ्या, सोळाची एक नको, सिंगल चॅनल, म्हणजे रॅमची वाट निम्मी झाली की गेममध्ये ते दिसतंय. आणि नवीन ३२०० ची पट्टी लावली तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे पूर्ण स्पीडची सेटिंग, चालू करेपर्यंत ती कमी स्पीडवरच पळती, हे बरेच जण वर्षभर करतच नाहीत.

डीडीआर४ ठरलं की प्रोसेसर दोनच उरतेत, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५ १२४००. दोन्हीला सहा कोअर बारा थ्रेड, दोन्ही २०२२ चे, म्हणजे शिळेच म्हणायचे, पण १०८०पी (फुल एचडी) ला हे शिळं मस्त चालतंय. दोन्हीच्या डब्यात कूलर येतोय. नुसते गेम बघितले तर कुठं हा चार फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पुढं कुठं तो, त्यावर रात्रभर भांडण्यात अर्थ नाही. फरक आजूबाजूला आहे. ५६०० ला बी४५० बोर्ड स्वस्त मिळतोय खरा, पण त्यावर पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट, ३.० च आहे, ४.० पाहिजे तर बी५५० घ्यावा लागतोय आणि मग वाचवलेले पैसे गेले. बी४५० मूळ २०१८ चा, जुना स्टॉक पदरात पडला तर बायोस अपडेट केल्याशिवाय ५६०० वर स्क्रीनच येत नाही, दुकानातच लावून दाखवा म्हणायचं. १२४०० च्या एच६१० बोर्डावर ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ४.० मिळतंय, एसएसडीला मात्र ३.० च, आणि रॅमचे स्लॉट फक्त दोन. घेताना डीडीआर४ वाला एच६१० आहे का बघा, त्याच नावाचा डीडीआर५ वाला पण असतोय आणि दुकानातली पोरं पण गोंधळतेत. आणखी एक, रायझनला हळू रॅम जास्त जाणवती, आणि आमच्या फुकटच्या पट्ट्या २६६६ च्याच.

पुढं अपग्रेड म्हणाल तर ५६०० वाल्यांना ५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी दाखवतेत, नवीन मिळाली तर मला पण कळवा. १२४०० वाल्यांना तेराव्या-चौदाव्या पिढीची वाट आहे, पण त्यातल्या वरच्या मॉडेलांचा व्होल्टेजचा घोळ २०२४ मध्ये गाजला, इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. १२४०० ची बारावी पिढी त्यात नव्हती. मी तरी अपग्रेडच्या नावानं आज एक रुपया जास्त घालणार नाही. स्वस्तात ५५०० किंवा ५६००जी दिसला तर भुलू नका, नाव जवळपास तेच पण प्रोसेसरच्या आतली एल३ कॅश मेमरी ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई ३.० च.

आता माझा हट्ट. १२४००एफ नको, एफ नसलेला १२४०० घे. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि दोन-अडीच हजार वाचतेत म्हणून सगळे एफच सांगतेत. ५६०० मध्ये तर आतलं ग्राफिक्स नाहीच. माझ्या स्वतःच्या पीसीत एफवालाच होता. पावसाळ्यात ग्राफिक्स कार्ड गेलं, वॉरंटीत होतं, पार्सल करून पाठवलं, परत यायला सव्वीस दिवस. सव्वीस दिवस तो पीसी म्हणजे टेबलावर ठेवलेली शोभेची काचेची पेटी, मदरबोर्डावरच्या एचडीएमआयला वायर लावली तरी काळंकुट्ट. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका पोराकडून जीटी ७१० हे जुनं साधं कार्ड मागून आणलं, ते पण वाकलेल्या पत्र्याचं, तेव्हा कुठं बँकेचं स्टेटमेंट काढता आलं. आपल्याकडं बऱ्याच पार्टचं सर्व्हिस सेंटर गावात नाही, पार्सल हुबळीला नाहीतर बेंगळुरूला जातंय, मग यूएचडी ७३० सारखं साधं ग्राफिक्स आत असणं म्हणजे गाडीला स्टेपनी. त्या दोन-अडीच हजारात चार फ्रेम जास्त येत नाहीत हे मान्य, पण महिनाभर शून्य फ्रेम पण येत नाहीत. ह्या एका गोष्टीवर माझ्यासाठी १२४०० जिंकला.

ग्राफिक्स कार्डावर खरी डोकेदुखी. भावाच्या यादीत चार होती.

आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी वाली पहिल्यांदा खोडली. ७० वॅटच घेती, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, जुन्या ऑफिसच्या डब्यात घालायला छान. पण नाव ३०५० असलं तरी ८ जीबीवाल्या ३०५० पेक्षा ती कमी आहे, आणि आरएक्स ६६०० त्या ८ जीबीवालीला पण सहज मागं टाकती. डब्यावर एन्व्हिडियाचा हिरवा रंग दिसला की पोरं घेतेत मर्दा, काय सांगायचं.

आरएक्स ६६०० म्हणजे पैसावसूल. २०२१ चं, ८ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनची वायर. १०८०पी ला व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ ह्याला काही बोलायलाच नको, मोठे नवे गेम पण मीडियम-हायला चालतेत. खोट अशी की २०२५ च्या शेवटी एएमडीनं आरएक्स ५००० आणि ६००० चे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, आरडाओरडा झाल्यावर नव्या गेमचा सपोर्ट चालू राहील म्हणून सांगितलं, पण म्हातारपण सुरू झालं एवढं समजून चालायचं. फ्रेम वाढवायला एन्व्हिडियाचं डीएलएसएस नाही, एएमडीचं एफएसआर आहे.

आरटीएक्स ४०६० त्याच्या बरीच पुढं, तरी ११५ वॅटच. आणि भाऊ कॉम्प्युटर सायन्सचा, उद्या मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आला की कुडा (ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवायचं सॉफ्टवेअर) लागतंय आणि कुडा फक्त एन्व्हिडियावरच, ब्लेंडरला पण ती बरी. नुसता गेम खेळणाऱ्याला मी हे कारण सांगत नाही, इंजिनिअरिंगवाल्याला सांगतो. पण मिळालेल्या कोटेशनमध्ये ६६०० आणि ४०६० मध्ये सात-आठ हजाराचं अंतर, ते कुठून आणायचं.

चौथं इंटेलचं आर्क बी५८०. १२ जीबी मेमरी, त्यामुळं कागदावर सगळ्यांत भारी वाटतंय. पण बायोसमधलं रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर ते लंगडतंय, आणि प्रोसेसर साधा असला की काही गेममध्ये मागं पडतंय, ५६०० सोबत हे झालेलं लोकांनी मोजून दाखवलंय. त्यात १९० वॅट. हे १९० वॅट का महत्त्वाचं ते पुढं बघा.

६६००, ४०६०, बी५८० ही तिन्ही कार्डं पीसीआयईच्या आठच लेनची (मार्गिकांची) आहेत, सोळाची नाहीत. म्हणजे बी४५० वर पीसीआयई ३.० मिळालं की थोडा तरी फटका बसतोय, विशेषतः ८ जीबी मेमरी भरली की. परत एच६१० कडंच पारडं झुकतंय.

आता एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि लाईट. ह्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण पोळलोय. पहिला पीसी बांधला तेव्हा कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळाला म्हणून मी खूश. जूनचा पहिला वळीव, लाईट तीनदा फडफडली, फट् असा आवाज, केस जळल्यासारखा वास, आणि एकटा गेला असता तर ठीक, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. वजन केलं असतं तर त्या डब्यापेक्षा चपातीचा डबा जड भरला असता. म्हणून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षं वॉरंटीवाला एसएमपीएस, त्यात तडजोड नाही. ८० प्लसचं स्टिकर वीज किती वाया जाती तेवढंच सांगतंय, आतला माल चांगला की वाईट ते नाही, त्यामुळं वॉरंटीची वर्षं बघा.

यूपीएसचं गणित असं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. १२४०० आणि ६६०० गेम चालू असताना मॉनिटर धरून पावणेतीनशेच्या आसपास जातंय, ४०६० असली तरी तेवढंच, म्हणजे लाईट गेल्यावर सेव्ह करून बंद करायला दोन-चार मिनिटं मिळतेत. बी५८० लावलं की तोच आकडा सव्वातीनशेच्या पुढं, यूपीएस काठावर, टीं टीं करून ऐन मॅचमध्ये बंद. म्हणजे ते कार्ड घेतलं तर १ केव्हीएचा यूपीएस पण धरा, कागदावरची स्वस्ताई तिथं फिटली. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको म्हणणारे पण आहेत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा पाहिजे, मागचं बटण यूपीएस मोडला पाहिजे, नाहीतर लाईट जाऊन येण्याच्या त्या क्षणात पीसी रिस्टार्ट होतोय, पंखा मात्र फिरतच राहतोय, त्यामुळं लोकांना कळतच नाही काय झालं ते.

आणि अर्थिंग. गल्लीतल्या जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतंय पण मागं तिसरी वायर नुसती लोंबकळत असती. कॅबिनेटच्या स्क्रूला हाताची मागची बाजू लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेच. मामाच्या घरी तेच निघालं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, ग्राफिक्स कार्डाच्या खर्चापुढं ते काहीच नाही. विजा कडकडायला लागल्या की पीसीच्या प्लगसोबत लॅनची वायर पण काढायची, खानापूरच्या पावसात हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

बाकीचं पटकन. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी), आत टीएलसी प्रकारची चिप असली तर बरी, ५०० जीबीनं सुरुवात करा, एच६१० वर जेन४ (पीसीआयई ४.०) ची महाग घेऊन उपयोग नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, पुढं काच लावून आत भट्टी झालेला माल दाखवण्यात काय हशील. मॉनिटर २४ इंची आयपीएस, १०० हर्ट्झच्या वरचा, भावाला १४४ पाहिजे म्हणे, त्याचं त्यानं बघावं.

कुठून घ्यायचं. कोल्हापूरला स्वस्त मिळतंय हा आपल्याकडचा पक्का समज, पण जीएसटी इकडं पण १८ टक्के, तिकडं पण १८ टक्के, फरक पडला तर स्टॉक आणि घासाघीस ह्याचाच. बेळगावहून कोल्हापूर एकशेदहा किलोमीटर, हुबळी शंभर, आणि सीमेवर काही तणाव झाला की बस मध्येच थांबती हे वेगळं सांगायला नको. माझं मत, एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर गावातल्या दुकानातून, म्हणजे काही झालं तर जाऊन काऊंटरवर ठेवता येतंय. ग्राफिक्स कार्ड ऑनलाईन बरंच स्वस्त पडलं तर मागवा, पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, बिलावर सीरियल नंबर आहे का बघा.

मामाला हिशेब दाखवला तर म्हणाले, "खेळायला एवढं लागतंय काय रे? एक म्हस येती की." मग कुडाचं सांगितलं, अभ्यासाला लागतंय म्हटल्यावर जरा नरम पडले.

अडचण वेगळीच निघाली. कोटेशनच्या खाली लिहिलंय, दर दोन दिवसांपुरते. उसाचं बिल नियमानं चौदा दिवसांत मिळायला पाहिजे, प्रत्यक्षात कधी मिळतंय ते मामालाच विचारा. म्हणून सध्या मामांकडून हातातले तीस हजार घेतले, १२४००, एच६१०, एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि कॅबिनेट आणलं, जुन्या पट्ट्या घातल्या, मॉनिटर माझा जुना दिला, ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी. यूएचडी ७३० वर लो सेटिंगला व्हॅलोरंट चालू आहे. बिल आलं की उरलेल्या तीस हजारात माझा मॉनिटर परत देऊन ६६०० आणायची की तो तसाच ठेवून ४०६०, एवढंच राहिलंय, आणि भावाचे स्क्रीनशॉट परत सुरू झालेत.