नांदेड ते चिकलठाणा ४६ मिनिटं? अंतर सांगणाऱ्या साइटचा माझा अनुभव

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी एक साइट आहे. बंगळुरूच्या भाच्यानं मला तिथल्या पानाचा फोटो पाठवला. नांदेड ते छत्रपती संभाजीनगर, २१५ किलोमीटर, ४६ मिनिटं. संभाजीनगरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या आईचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "मावशी, रेल्वेत कशाला अवघडून बसतेस? विमानानं जा, पाऊण तासात पोचशील," म्हणाला. वर आईलाही कळवून मोकळा झाला की मावशी जेवायला येतेय.

मी ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आकडा पडताळल्याशिवाय मला राहवत नाही. वही घेऊन बसले. नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ मिनिटं उत्तर, ७७ अंश १९ मिनिटं पूर्व. चिकलठाण्याचा, म्हणजे संभाजीनगरचा, १९ अंश ५२ मिनिटं, ७५ अंश २४ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. रेखांशाचं मिनिट आपल्याकडे थोडं आखूड भरतं, तेवढं कमी केलं आणि पायथागोरस लावला. उत्तर २१५ च्या आसपासच आलं! खरंच आनंद झाला. साइटवर मध्यबिंदूही दाखवतात, तो सेलूच्या वायव्येला पडतो. परभणी या सरळ रेषेच्या दक्षिणेला राहते. शाळेतल्या पोरांना हे दाखवायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

वेळेचं मात्र तसं नाही. त्यांनी ताशी ८०० किलोमीटर वेग धरलाय आणि चढ-उताराचा अर्धा तास सरसकट मिळवलाय. १६ अधिक ३०, झाले ४६. एवढ्या जवळच्या अंतरात विमान पुरतं वर जातं न जातं तोच उतरायला लागतं, ८०० चा वेग टिकणार किती वेळ? एटीआर जातीचं पंख्याचं छोटं विमान असेल तर त्याचा वेगच ताशी ५०० च्या आसपास.

आणि मुख्य गोष्ट, या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही! तिकीट शोधलं तर हैदराबादवरून फिरून जायचा मार्ग निघाला. संभाजीनगर वायव्येला, हैदराबाद जवळजवळ उलट्या दिशेला. त्या पानावर याचा एक शब्द नाही. '४६ मिनिटं' एवढ्या मोठ्या अक्षरात वाचल्यावर कुणालाही विमान आहे असंच वाटणार. माझा भाचा इंजिनिअर आहे, तोही फसला.

शेवटी नेहमीसारखी रेल्वेच धरली. पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना. चार-साडेचार तास. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बहीण वॉकर धरून दारात उभी, जेवायची थांबलेली. औषधाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, त्याही राहिलेल्या. मला फार वाईट वाटलं.

अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन. साइटवाल्यांना मी लिहून कळवलंय : वेळेच्या वर ठळक अक्षरात 'हा फक्त हिशोब आहे, थेट विमान आहे का ते तपासा' एवढं टाका. अजून उत्तर नाही. तोवर मुलाबाळांनी फोटो पाठवला, तर आधी तिकीट मिळतंय का ते बघा आणि मगच घरी वेळ कळवा.